मंडळाच्या कुरडया

होळी व्हायची होती अजून, आणि वादळानं आमच्या पाळणाघराचं डोक्षं उडवलं. डोक्षं म्हणजे पत्रे. दुपारपासून अंगाची नुसती तलखी होऊन राह्यली होती. चार वाजता मावळतीकडून काळं आलं, वारा फिरला, आणि विहाराच्या मागच्या खोलीवरचे पत्रे खिळ्यासकट उपटले. नाल्यापल्याड शेषराव पाटलाच्या वावरात जाऊन पडले ते, पार चुरगळून. माह्या सासूनं, सिंधूताईनं, वारा फिरतानाच लेकरं उचलून विहारात नेले होते म्हणून बरं. एकालेबी खरचटलं नाही. बाकी सगळं वाईटच झालं.

मी धम्मशीला. महामाया महिला मंडळाची अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय, जिचं तोंड चालते तिले बाया अध्यक्ष करतात. माहं चालते, आणि मले त्याची लाज नाही. आमचं गाव धाडच्या अलीकडं, जीपनं गेलं तर पाव तास. इकडं कांद्याचं बी पिकते. चैत्रात बियाचे गोंडे कापायले येतात आणि मंग बायायले खाजवायलेबी फुरसत नसते. लेकरं कोणी सांभाळायचे? पहिले बाया बांधावर लुगड्याची झोळी बांधत. मंग आम्ही पाळणाघर काढलं. शहरातली एक संस्था दूध-खिचडीचं द्यायची, तिनं हात आखडला, तरी आम्ही बंद केलं नाही. आया आपापल्या परीनं देतात, माही सासू सांभाळते. तिच्या तोंडात दात नाही, पण तिच्या नजरेतून लेकरू सुटत नाही.

आता खोलीवर आभाळ आणि खाली चैत्राचं ऊन. लेकरं बसवायचे कुठं? विहारात थोडे दिवस बसवले, पण तिथं दर दोन दिवसाले काही ना काही कार्यक्रम. मंग काही बायायनं लेकरं पुन्हा वावरात न्यायले सुरुवात केली. त्यातली एक पूनम.

पूनमचा अश्वजित दोन वर्षाचा. भल्ता अवचिंद, एका जागी ठरत नाही. पूनम शेषराव पाटलाच्या वावरात गोंडे कापत होती, लेकरू लिंबाखाली निजलं होतं. उठलं आणि चालत निघालं शेततळ्याकडं. शेततळ्याचं ते काळं प्लास्टिक, माणूस घसरला तर माणसाले वर येता येत नाही, लेकराचं काय घेऊन बसले. पाटलाची बायको विमलबाई तेवढ्यात चहाची किटली घेऊन आली होती. तिनं पाह्यलं. किटली फेकली आणि काठावर पालथी पडून लेकराचा सदरा धरला. पाण्याले पाय लागले होते त्याचे.

पूनम दुसऱ्या दिवशी कामाले गेली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मी तिच्या घरी गेली तर लेकरू मांडीत घट्ट धरून बसलेली.

"काकू, मी आता त्याले वावरात नेत नाही," ती म्हणे. "पण घरी बसली तर खाऊ काय?"

"पत्रे टाकतो आपण."

"कव्हा?"

मी म्हटलं, "चैत्र संपायच्या आत." तोंडातून निघून गेलं. आता निघालं म्हणजे करणं आलं. मी तशीच हाय, बोलून बसते आणि मंग पाय पळवते.

माहा नवरा कचरू गवंडी. तो म्हणे, "मजुरी माही फुकट. पण पत्रे अन् अँगल मी काही भिंतीतून काढू शकत नाही." हे बरोबर होतं. म्हणून आम्ही तिघी-चौघी पहिले वर्गणीले निघालो. घराघरातून थोडं थोडं निघालं, पत्र्याच्या एका कोपऱ्यालेबी पुरलं नसतं. मंग बाया म्हणे, पाटलाकडं जाऊ. मले जायचं नव्हतं. तरी गेली.

शेषराव पाटील माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगते. ओट्यावर बसा म्हणाला. आतून चहा आला. गावातले दोन माणसं तिथं आधीपासून बसले होते, त्यायले कपबशी. आम्हाले कागदी कप. कागदी कप निघाले तेव्हापासून लोकायचं लई सोपं झालं. कोणाले काही बोलाव लागत नाही. मी चहा पेली. चहाचा काय गुन्हा?

"धम्मशीलाबाई, पत्रे मी देतो," पाटील म्हणे. "सगळे देतो. नवे."

माह्यासोबतच्या बायायचे चेहरे असे खुलले की मलेच भीती वाटली.

"फक्त दोन गोष्टी. एक, आमच्या बाबाच्या नावाची पाटी लावायची."

"लावू. पाटीचं काय."

"दुसरी, ज्यायचे लेकरं तिथं असतीन त्या बायायनं पहिले माह्या वावरात याव. गावात जो रोज चालू हाय तोच देईन. पण पहिले माह्याकडं. गोंडे वाळून बी गळालं की वर्ष गेलं माहं, मजूर भेटून नाही राह्यले."

"म्हणजे पत्र्याखाली लेकरं तुमचे अन् बाया बी तुमच्या."

"मी कुठं जबरदस्ती करून राह्यलो? रोज देऊन राह्यलो ना."

"रोज तर सगळेच देतात, पाटील. बाई कोणाच्या वावरात जाईन हे तिचं तिनं ठरवायचं. तेवढंच एक हाय तिच्या हातात." मी उठली. "पत्रे राहू द्या."

रुक्मिणीबाई आमच्या मंडळाची खजिनदार, ती रस्त्यानं म्हणे, "धम्मे, तुह्या तोंडानं पत्रे घालवले." मी म्हटलं, "हाव. अन् माह्याच तोंडानं आणीन." म्हणायले काय जाते. रात्री मले जेवण गेलं नाही.

आमची पोरगी मंजुश्री, संभाजीनगरले एका संस्थेत काम करते. तिनं फोनवर सगळं ऐकलं आणि म्हणे, "आई, आमचं आत्ताच प्रशिक्षण झालं. वसंत ऋतूत संस्थेसाठी निधी कसा गोळा करायचा, त्याच्यावरच. मी सांगते तुले." मी फोन मोठ्यानं लावला, म्हणजे सासूलेबी ऐकू जाईन.

"एक, पळायची स्पर्धा. लोक पैसे भरून पाच किलोमीटर पळतात."

"पूनम रोज तेवढी चालते," सासू म्हणे. "तिले तर कोणी देत नाही."

"दोन, घराची साफसफाई करून जुनं सामान विकायचं."

"आपल्या घरात जुनं म्हटलं तर मी हाय," सासू म्हणे. "कोणी घेते का विचार."

मंजू हसायले लागली. "आजी, आणखी एक हाय. अंडी लपवून ठेवायचे, लेकरायनं शोधायचे, त्याले तिकीट."

"आपल्या कोंबड्या फुकट लपवतात. मीच शोधत फिरते, मले कोणतं तिकीट?"

मले हसू आवरेना. किती दिवसांनी हसली असीन मी. पण मंजू काही मूर्ख नाही, माह्याच पोटची हाय. ती म्हणे, "हे सगळं शहरातलं हाय आई, मले कळते. पण त्यायनं एक गोष्ट खरी सांगितली. देणगी मागायच्या आधी पाहा, त्या ऋतूत लोकायले काय लागते. तेच तुम्ही करा."

चैत्रात लोकायले काय लागते? मी पोरीसोबत बोलत दारात उभी होती. समोरच्या पत्र्यावर कोणाच्या तरी शेवया वाळत होत्या. म्हटलं, घ्या. वर्षभराचं वाळवण. धाडच्या बाजारात नोकरीवाल्याच्या बाया रांग लावून कुरडया विकत घेतात, त्यायले गहू भिजवायले वेळ कुठं हाय.

गहू आम्ही सरव्याचा घेतला. हार्वेस्टर गहू काढून गेलं की धुऱ्याबांधाच्या कडेनं, वळणावर, ओंब्या पडून राहतात. त्या वेचायले कोणी कोणाले अडवत नाही, तो सरवा. बाया सकाळी कामाले जायच्या आधी लुगड्याच्या ओट्यात वेचून आणत. पूनम लेकरू पाठीशी बांधून वेचे. ओंब्या कुटल्या, पाखडल्या. माह्या हाताले त्या कुसळानं अशी आग व्हायची की झोपताना खोबऱ्याचं तेल लावाव लागे. पण गहू असा टपोरा निघाला की रुक्मिणीबाईबी पाहत राह्यली. दुसऱ्या दिवशी तीच सगळ्यायच्या आधी वेचायले आली.

गहू भिजला, आंबला, वाटला. चीक काढला, निवळू दिला. आंगणात चार चुली मांडल्या, विहाराच्या मोठ्या गंजात पाणी ठेवलं. लिंबाचा मोहर गळत होता, म्हणून वर जुनं लुगडं ताणलं. गावातल्या सोऱ्या गोळा केल्या. बाया अशा आल्या जशी कोणाच्या घरी हळद हाय.

आता कुरडयाचं एक सांगते, म्हणजे पुढचं कळीन. आमच्याकडं एकीच्या घरी कुरडया असल्या की दहा जणी हात लावायले जातात. कोणी चीक ओतते, कोणी चाटू फिरवते, कोणी सोऱ्या दाबते. पण आधणात मीठ टाकते ती ज्या घरच्या कुरडया त्या घरची बाई. दुसरीनं टाकत नसतात. वर्षभर खाणार ते, मीठ त्यायच्या हाताचं पाहिजे. हे कोणी शिकवत नाही, लहानपणापासून पाहत आलो.

मी पहिल्या गंजात मीठ टाकलं. अध्यक्ष हाय ना मी. पाणी उकळलं, चीक ओतला, आणि दोघी-दोघी चाटू घेऊन घोटायले लागल्या. चीक घट्ट होतो तेव्हा खांदे निखळतात. घामाच्या धारा, डोळ्यात धूर, आणि तोंडाले सुट्टी नाही. पूनमची चेष्टा चालली होती, मंजूच्या लग्नाचा विषय निघाला, रुक्मिणीबाईच्या सुनेचा निघाला. चीक शिजला तसा पहिली वाटी साखर टाकून लेकरायले द्यायची असते. सासूनं अश्वजितले चारला. त्यानं तोंड वाकडं केलं आणि थुंकला.

"नखरे पाहा याचे," सासू म्हणे.

"चटावला तो, बिस्किटं खाते," पूनम म्हणे.

सगळ्या हसलो. गरम असतानाच कुरडया दाबाव्या लागतात, थांबायले वेळ कोणाले हाय? संध्याकाळपर्यंत विहाराची गच्ची, आमचं आंगण, रुक्मिणीबाईच्या बाजा, सगळं पांढरंशुभ्र झालं. मी गच्चीवरून पाह्यलं आणि छाती भरून आली. म्हटलं, पाटील, पाहा.

कडक वाळल्यावर पहिल्या कुरडया तळल्या. माहा नवरा जेवायले बसला होता. कढईत कुरडई अशी फुलली की हातभर झाली. त्यानं तुकडा मोडला, तोंडात टाकला, आणि चावायचा थांबला.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणे आणि पाणी पेला. मंग पुन्हा पाणी पेला.

मी खाल्ली. खारट. असली खारट की जिभेले चटका बसला. दुसऱ्या गंजातली तळली, तीबी तशीच. मी त्याच पायी रुक्मिणीबाईकडं गेली.

"तू मीठ टाकलं होतं का?"

"टाकलं ना. तू तर पाणी आणायले गेली होती. मी म्हटलं, आता आपल्याच कुरडया, आपणच टाकाव लागीन."

मंग पूनमले विचारलं. तिनं मान खाली घातली. "काकू, मले वाटलं पाळणाघर माह्या लेकरासाठी होऊन राह्यलं. म्हणून मी बी हात लावला."

आणखी दोघी तिघी निघाल्या. कोणाचंही चुकलं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. चूक असती तर मी भांडली असती, मन मोकळं झालं असतं. कुरडया कोण्या एकीच्या घरच्या नव्हत्या, तर प्रत्येकीले वाटलं आपल्याच घरच्या हाय. गावभर बातमी लागायले वेळ नाही लागला. ओट्यावर कोणी म्हणे, "मंडळाच्या कुरडयाले समुद्र आटला म्हणतात."

मी त्या दिवशी कामाले गेली नाही. कुरडयाच्या ढिगापाशी बसली आणि रडली. खोटं काऊन सांगू. पाटलाच्या ओट्यावरून मी ताठ उठली होती, आणि आता मलेच वाटे की उठून जाव आणि म्हणाव, द्या पत्रे, लावा पाटी, न्या बाया. पूनम आता पोराले घेऊन माहेरी जाते म्हणत होती. माहेरी तिचे भाऊ तिले किती दिवस ठेवतीन हे सगळ्या गावाले माहीत होतं.

दुपारी सासू जेवायले बसली. तिले दात नाही, तळलेली कुरडई ती चावू शकत नाही. दरवर्षी ती आपल्या वाटच्या कुरडया पाण्यात भिजू घालते, पिळते, आणि कांद्या-मिरचीत परतून खाते. तशीच तिनं त्या दिवशी केली. ताट घेऊन माह्या बाजूले बसली.

"काऊन रडतं वं?"

"माय, खारट झाल्या सगळ्या."

"कुठं खारट हाय?" ती म्हणे. "मले तर मीठ टाकाव लागलं वरून."

मी तिच्या ताटात हात घातला. कुरडईची भाजी, मऊ, लांब लांब, कांद्यात परतलेली. मीठ सगळं पाण्यात निघून गेलं होतं. मी आणखी एक घास घेतला. मंग तिचं अर्धं ताट मीच खाल्लं, आणि ती नुसती हसत राह्यली बोळक्या तोंडानं.

"कोरड्या विकत नाही आपण," मी बायायले सांगितलं. "शिजवून विकू. धाडच्या बाजारात. कुरडईची भाजी अन् ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. गरम."

सगळ्या गप. मले माहीत होतं काऊन गप. कोरडी कुरडई पिशवीत घालून नेते माणूस, कोणाच्या घरची ते विसरता येते. शिजलेलं अन्न आमच्या हातचं, आमच्या समोर बसून खायचं, ते येगळं. रुक्मिणीबाई म्हणे, "पाटी नको लावू मंग. बाजारात बाहेरगावचे लोक असतात, कोण कोणाले ओळखते. नाव नसलं तर खातीन."

"नाव लागीन."

"धम्मे, पुन्हा तोंड?"

"नाव नाही लावलं अन् लोकायनं खाल्लं, तर खाल्लं कोणाच्या हातचं? पत्रे येतीन, पण पाळणाघर आपलं नाही राहणार. महामाया महिला मंडळ, मोठ्या अक्षरात. अन् कागदात नाही द्यायचं. ताटलीत."

विहाराच्या स्टीलच्या ताटल्या घासून चकाचक केल्या. मंजू सुट्टी काढून आली, तिनं लाल कपड्यावर पांढऱ्या रंगानं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, मजूर बायायच्या लेकरायच्या पाळणाघरासाठी. बाजाराच्या दिवशी पहाटेच जीपच्या टपावर चूल, गंज, ताटल्या, पिठाचे डबे बांधले. भिजवलेल्या कुरडयाचं पाणी तीनदा बदललं सासूनं. तिनं चाखून होकार दिल्याशिवाय एकबी गंज पुढं सरकला नाही.

बाजारात जागा भेटली मिरचीवाल्याच्या शेजारी. पहिले तास-दीड तास कोणी आलं नाही. लोक वासानं थांबत, पाटी वाचत, आणि पुढं जात. सगळेच काही त्या कारणानं जात नव्हते, घाईतबी असतीन. पण ज्याचं जळते त्याले सगळा धूर आपलाच वाटते. पूनमनं भाकरी थापून थापून टोपलं भरलं. आमच्या गावचे दोन जण समोरून गेले, एकानं दुसऱ्याले कोपरानं ढोसलं. "समुद्र," तो म्हणे. मले ऐकू आलं. मी कांदा कापत राह्यली.

मिरचीवाला तेवढा आला. म्हातारा, मुसलमान, सकाळपासून ठसका लागलेला. एक ताटली खाल्ली, दुसरी मागितली. म्हणे, "बहेन, इसमें मेरी मिर्ची डालो, तुम्हारी में दम नहीं." आणि ओंजळभर मिरच्या आमच्या परातीत टाकल्या. त्यानं जरा जीव आला.

मंग विमलबाई दिसली.

बाजाराची पिशवी हातात, डोक्यावर पदर, मागं दोन जावा. शेषराव पाटील पलीकडं बियाण्याच्या दुकानापाशी उभा होता, पाठमोरा नाही, चांगला आमच्याकडं तोंड करून. विमलबाई पाटीसमोर थांबली. मले वाटलं वाचून जाईन. तिची नजर पाटीवर नव्हती, अश्वजितवर होती. तो गोणपाटावर बसून भाकरीचा तुकडा चघळत होता.

"कसा हाय गं हा?" तिनं पूनमले विचारलं.

"चांगला हाय, विमलमाय."

"मले झोप नाही लागत," विमलबाई म्हणे. असं एकदम, भर बाजारात. "डोळा लागला की याचे पाय पाण्यात दिसतात मले." जावा एकमेकीकडं पाहायले लागल्या. ती माह्याकडं वळली. "दे एक ताटली."

"बसून खा," मी म्हटलं.

ती बसली. गोणपाटावर, अश्वजितच्या बाजूले. मी ताटली वाढली, भाकर ठेवली. एक जाऊ हळूच म्हणे, "ताई, घरी जाऊन जेवू ना." विमलबाईनं घास तोडला होता. तिनं तो तोंडात घातला, सावकाश चावला, आणि दुसरा तोडला. पदर डोक्यावरचा ढळला तर तसाच राहू दिला. ताटली पुसून खाल्ली आणि मंग म्हणे, "आणखी भाजी हाय का?"

पाटील पाहतच होता. मी त्याच्याकडं पाह्यलं. तो दुकानात गेला.

त्यानंतर कोणाचं काय झालं कोणास ठाऊक. एका जावेनं ताटली घेतली. मंग त्या जावेच्या ओळखीची कोणी. मंग गर्दी. मंजूच्या केसात पीठ, माह्या हाताले उसंत नाही, सासू मागं बसून नुसती चाखून चाखून मीठ टाक म्हणते. दोन शिक्षिका आल्या, खाऊन म्हणे, "पुढच्या बाजाराले येणार का? अन् अशा कोरड्या कुरडया भेटतीन का घरी न्यायले?" मी म्हटलं, "भेटतीन. पण नवा घाणा लावाव लागीन." जुन्यायचं मी त्यायले सांगितलं नाही. धंद्याचं एवढं कळते मले.

दुपार ढळायच्या आत गंज खरवडून झाला.

पत्रे आले. एका बाजारानं नाही आले, पुढच्या बाजारालेबी गेलो तेव्हा आले. कचरूनं अँगल असे ठोकले की म्हणे, आता वादळ आलं तर गाव जाईन पण ही खोली राहीन. जास्त बोलते तो, पण काम पक्कं करते. पूनम पुन्हा कामाले लागली. कोणाच्या वावरात जायचं ते तिनं ठरवलं. पाटलाच्याही गेली चार दिवस, कारण त्याचं वावर जवळ पडते आणि गोंडे खरंच गळायले आले होते. पाटलानं तिले रोज दिला आणि पाळणाघराचा एक शब्द काढला नाही. मीबी कोणाले टोमणा मारला नाही. एकदाच मारला. जाऊ द्या ते.

शिक्षिकांच्या कुरडयासाठी दुसरा घाणा लावला तेव्हा चैत्र संपायले आला होता. खोलीत नव्या पत्र्याखाली लेकरं निजले होते, बाहेर आंगणात गंज चढवला. सगळ्या बाया गोळा झाल्या आणि सगळ्या गंजापासून दोन हात लांब उभ्या राह्यल्या. कोणी मिठाच्या डब्याकडं पाहायले तयार नाही. एकमेकीचे हात पाहून राह्यल्या, आणि हसू दाबून राह्यल्या.

"अध्यक्षानं टाकाव," रुक्मिणीबाई म्हणे.

"मी नाही टाकत. मागच्या वेळी पहिली मीच होती."

तेवढ्यात फाटकातून विमलबाई आली. आमच्या आंगणात ती पहिल्यांदा आली. हातात घरची सोऱ्या होती, पितळेची, जड. म्हणे, "म्हटलं, हात लावाव जरा." बाजारात बसून खाणं एक, आणि आमच्या चुलीपाशी येऊन बसणं एक.

माही सासू उठली. मिठाचा डबा उचलला, चालत गेली आणि विमलबाईच्या समोर धरला.

"टाक," ती म्हणे.

विमलबाईनं डब्याकडं पाह्यलं, मंग सासूकडं. तिलेबी माहीत होतं मीठ कोण टाकते ते. ती काही आमच्या वस्तीतली नाही, पण कुरडया तर सगळ्याच घरी होतात.

"मी कशी टाकू, सिंधूमाय? घर तुमचं."

"लेकरू कोणी धरलं होतं?" सासू म्हणे. "टाक. पाणी उकळून राह्यलं."

विमलबाईनं बांगड्या वर सरकवल्या, मूठ भरली, आणि आधणात सोडली. हात तसाच वाफेवर राह्यला तिचा जरा वेळ. मंग पदरानं डोळे पुसले आणि म्हणे, धूर लई हाय. धूर नव्हता.

मी डब्याले झाकण लावलं आणि डबा उंच फळीवर ठेवून दिला, कोणाचाच हात पोचणार नाही असा. चीक ओतला. पूनमनं एक चाटू धरला, एक विमलबाईनं, आणि घोटायले लागल्या. शिजल्यावर सासूनं पहिली वाटी अश्वजितले नेली. सगळ्या चाटू थांबवून त्याच्या तोंडाकडं पाहत उभ्या राह्यलो. त्यानं एक घास खाल्ला, बोट चाटलं, आणि वाटी पुढं केली.

"पुन्हा," तो म्हणे.